सरांची घंटी लातूरला ऐकू येते

कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से जास्त साठतात. बोलणारे आपले किस्से वाटून मोकळे होतात. आमच्यासारख्यांकडे ते नुसते येऊन बसतात, पाहुण्यांसारखे, आणि उठायचं नाव घेत नाहीत. गेल्या तीन महिन्यांत माझ्याकडे इतके गोळा झालेत, की आता चार जणांना सांगितल्याशिवाय नव्याला बसायला जागा उरली नाही.

मी करुणा सोनकांबळे, नांदेडची. ठिबकचे संच बनवणाऱ्या एका कंपनीच्या नांदेडमधल्या तक्रार केंद्रात काम करते. शेतकऱ्याचा फोन येतो, "मॅडम, फिल्टर चोक झाला," "मॅडम, खारीनं नळी कुरतडली," आणि आम्ही फोनवरूनच त्याला काय उघडायचं, काय धुवायचं, काय बदलायचं ते सांगतो. फोनवर मी भरपूर बोलते. म्हणूनच बहुतेक बाकी वेळ गप्प असते.

लग्नाच्या बैठकीत मी एकच वाक्य बोलले होते. "नोकरी सोडणार नाही." तोवर ही मुलगी मुकी आहे की काय अशी पाहुण्यांना शंका होती, त्यामुळे बैठक हादरली! पण सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, लगेच म्हणाल्या, "हाव. कशाला सोडायची?" आणि लग्न ठरलं.

आता अडचण अशी, की नवरा सुमेध लातूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत. त्याला लातूर सोडता येत नाही. मला नोकरी सोडायची नाही. मध्ये तीन-चार तासांचा रस्ता.

नेमकं तेव्हाच पुण्याच्या हेड ऑफिसनं कळवलं, की नांदेडचा मजला सोडून द्या. एकच खोली ठेवा, तिथं मॅनेजर बसतील. बाकीच्यांनी तीन महिने घरून काम करून बघावं. तीन महिन्यांनी मॅनेजरनं अहवाल द्यायचा, घरून काम होतं की होत नाही. 'होतं' म्हणाले तर मी लातूरला, नोकरीसकट. 'होत नाही' म्हणाले तर नांदेडला हजर व्हा, नाहीतर राजीनामा.

म्हणजे माझं सगळं एका माणसाच्या एका शब्दावर. आणि तो माणूस कोण? बिराजदार सर!

सर पन्नाशीचे, मिशी भरघोस. मूळचे लातूरपलीकडच्या औशाचे. तिथं त्यांची आई एकटी राहते. आईला औसा सोडवत नाही आणि सरांना ऑफिस. शनिवारी जायचं, सोमवारी साडेनऊला टेबलावर हजर! इतक्या वर्षांत सर रजेवर आहेत असं वाक्य आमच्या ऑफिसात कुणी उच्चारलेलं नाही.

पुण्याचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, तिसऱ्यांदा वाचलं. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "घरून काम? अहो, माणूस घरी जातोच काम संपवून!"

तेव्हाच मी ओळखलं, आपलं काही खरं नाही.

*

सरांच्या टेबलावर एक पितळी घंटी होती. वरून टपली मारली की टिंग वाजायची. एक टिंग म्हणजे शिपाई. दोन म्हणजे आमच्यापैकी कुणीतरी. कोण, ते घंटीवरून कळायचं नाही. म्हणून दोन वाजल्या की आम्ही पाचही जण उभे राहायचो. मग सर नाव घ्यायचे, त्यानं जायचं, बाकीच्यांनी बसायचं. वर्षानुवर्षांची पद्धत.

घरून कामाचा पहिला दिवस. साडेनऊला व्हिडिओ मीटिंग. लातूरहून मी, अहमदपूरहून महानंदाताई, मुदखेडहून सय्यदभाई आणि नांदेडच्याच दोघी आपापल्या घरून. मधल्या चौकटीत सर. त्यांच्यामागे ऑफिसची तीच भिंत, लोखंडी कपाट, कंपनीचं कॅलेंडर, गोल घड्याळ.

सर गंभीरपणे म्हणाले, "आपण कुठंही असलो तरी शिस्त तीच राहील." आणि हात खाली गेला. टिंग टिंग!

पाचही चौकटींतले चेहरे गायब झाले आणि पाच पोटं दिसायला लागली. आम्ही सगळे उभे होतो.

स्वयंपाकघरात आत्यांच्या हातातलं उलथनं थांबलं. "कोण आलं गं?"

"कुणी नाही, आत्या. सरांनी घंटी वाजवली."

"कुठं?"

"नांदेडला."

आत्या माझ्याकडे बघतच राहिल्या. संध्याकाळी सुमेध आला, तर चप्पल काढायच्या आत त्याला म्हणाल्या, "बाबा रे, नांदेडला घंटी वाजली की आपली सून लातूरला उभी राहती. मला आधी वाटलं, ताप-बीप आला का काय!"

*

हजेरीसाठी पुण्यानं मोबाइलवर ॲप दिलं होतं. बटण दाबलं की हजेरी. सरांनी दोन दिवस दाबून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "पण सही कुठं करायची?"

"सर, ॲपवर सही नसते."

"मग हजर कसं म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "सोनकांबळे, मस्टर निघालंय!"

"कुठं सर?"

"तुमच्याकडं!"

मला वाटलं, चेष्टा करून राहिले. पण सरांनी आयुष्यात चेष्टा केलेली नाही. त्यांनी खरंच लांबडं हजेरीचं मस्टर कापडात बांधून, लातूरकडे येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हवाली केलं होतं! गाडी अहमदपूरच्या कोपऱ्यावर थांबणार, महानंदाताई खिडकीतून सही करणार. मग लातूरला मी सही करणार. परतीच्या गाडीनं मस्टर नांदेडला. सय्यदभाई तर सही करायला मुदखेडहून रेल्वेनं नांदेडला जायचे आणि पुढच्या गाडीनं घरी येऊन 'घरून काम' करायचे.

मला घरापासून स्टँडपर्यंत जायला-यायला आणि गाडीची वाट बघायला तास जायचा. हजर असल्याची सही करायला मी रोज तासभर गैरहजर!

एकदा महानंदाताई एका शेतकऱ्याला व्हॉल्व्ह खोलायला सांगत होत्या. तो अर्धवट खोलून बसलेला, पाण्यानं भिजलेला. त्याला तसा सोडून कोपऱ्यावर कशा जाणार? गाडी पुढे निघून गेली.

दुपारच्या मीटिंगला सर म्हणाले, "महानंदाबाई, आज तुम्ही गैरहजर."

"आं? सर, मी तुमच्यासमोर हाय की! दिसून राहिले ना?"

"दिसून राहिल्या. पण मस्टरात न्हाईत."

महानंदाताईंनी कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात हलवले. सरांनीही, सवयीनं, हात हलवला. आणि मग लाल पेननं वहीत लिहून घेतलं, गैरहजर!

*

पण खरा हादरा कॅमेऱ्याचा.

सरांचा नियम निघाला, साडेनऊ ते सहा कॅमेरा चालू. "माझापण चालू राहील. न्याय म्हणजे न्याय." झालं! रोज सकाळी माझ्या लॅपटॉपवर सर उगवायचे आणि संध्याकाळी सहाला मावळायचे. मी फोनवर बोलायची, ते मिशीतून बघायचे.

नवी सून बघायला गल्लीतल्या बाया यायला लागल्या होत्या. एका सकाळी पाच-सहा जणी एकदमच आल्या. सतरंजीवर बसल्या. मला बघितलं, साडी बघितली, भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंना घातलेले ताजे हार बघितले आणि मग सगळ्यांची नजर एका जागी जाऊन थांबली.

समोरच्या घरातल्या गयाबाईंनी बोट केलं. "ह्यो कोण गं बया?"

"सुनेचा साहेब," आत्या म्हणाल्या.

"कव्हापासून बघून राहिलाय?"

"सकाळच्या साडेनवापासून."

गयाबाईंनी पदर सावरला. बाकीच्यांनीही सावरला. मग गयाबाई हळूच म्हणाल्या, "आन् तू बघू देतीस?"

हा विचार आत्यांच्या मनात तोवर आलाच नव्हता. आता आला. त्या उठल्या. मला थांबवायचं होतं, पण माझ्या कानात औंढ्याकडचा एक शेतकरी पाइप हातात धरून उभा होता.

आत्या लॅपटॉपसमोर वाकल्या. सरांच्या स्क्रीनवर अचानक माझ्याऐवजी आत्यांचं कुंकू नसलेलं मोठं कपाळ आलं असणार, कारण सर खुर्चीत मागे सरकले.

"जय भीम, सायेब. लेकीबाळींकडं असं दिवसभर टक लावून बघू नये. गल्लीत चर्चा होऊन राहिली."

सरांची मिशी थरथरली. "तसं न्हाई ओ ताई... मी... कामाकडं बघून राहिलो..."

"काम तोंडानं करती ना ती? फोनवर बोलती ना?"

"हो."

"मग कान लावा! डोळे कशाला लावता?"

आणि त्यांनी लॅपटॉपवर पंचा टाकला. सरांवर पंचा!

दिवसभर पंचा काढायची हिंमत झाली नाही. नोकरी गेली, असं धरूनच चालले. पण दुसऱ्या दिवशी सरांचा मेसेज आला. 'आजपासून कॅमेरा फक्त मीटिंगपुरता. कामाची तपासणी फोनचे रेकॉर्डिंग ऐकून केली जाईल.'

पुण्यानं या बदलाचं कौतुक केलं म्हणे. इतर केंद्रांतही तसंच सुरू केलं. ही कल्पना कुणाची, ते फक्त मला, सरांना आणि त्या पंच्याला माहीत आहे.

*

सय्यदभाईंचा किस्सा वेगळाच.

ते एका शेतकऱ्याला फोनवर फिल्टर कसा धुवायचा ते सांगत होते. तेवढ्यात गल्लीत भंगारवाला आला. भोंग्यावर नेहमीचं, "लोखंड, पलाष्टिक, जुनी कूलर, भंगाऽऽर!"

पलीकडून शेतकरी म्हणाला, "सायेब, थांबा जरा, भंगारवाला आलाय, ऐकू येईना." मग थबकला. "अन् तुमच्याकडूनपण त्योच आवाज येऊन राहिला की!"

दहा मिनिटांत तो फिल्टर हातात घेऊन सय्यदभाईंच्या ओट्यावर हजर! बहिणीकडे मुदखेडलाच आला होता आणि फिल्टर दुरुस्तीला बरोबर आणला होता. सय्यदभाईंनी तो अंगणातल्या नळाखाली धुऊन दिला. अम्मीनं चहा दिला. शेतकरी गावी गेला आणि अख्ख्या गावाला पत्ता सांगितला.

आठवड्याभरात ओट्यावर रांग! कुणी नोझल घेऊन, कुणी कुरतडलेली नळी गळ्यात अडकवून. अम्मी विचारायच्या, "फोनवाले हो या बैठनेवाले?"

सरांना कळलं तेव्हा ते मीटिंगमध्ये खुर्चीवरून अर्धे उठले. "सय्यद! मी तुम्हाला घरून काम करायला सांगितलं. ऑफिस काढायला न्हाई!"

"मैं क्या करूं, सर? लोकां येऊन राहिले."

त्या महिन्यात तक्रारी मिटवण्यात मुदखेडचा ओटा सगळ्यात पुढे निघाला. सरांनी तो आकडा तीनदा तपासला. मग नुसतंच म्हणाले, "अम्मींना म्हणावं, चहात साखर कमी टाका."

म्हणजे सर कधी जाऊन चहा पिऊन आले होते, ते आजवर कळलेलं नाही.

*

मग निघाला मागच्या भिंतीचा नियम. मीटिंगमध्ये आपल्या मागे साधी भिंत पाहिजे. कपडे, भांडी, माणसं दिसायला नकोत.

आमच्या दीड खोलीत साधी भिंत आणायची कुठून? एका भिंतीला मांडणी, दुसरीला दोरी, तिसरीला दार, चौथीला खिडकी. शेवटी सुमेधनं आमच्या लग्नाचा फ्लेक्स काढला. आपल्याकडे लग्न उरकतं, फ्लेक्स उरतो. कुणी कडब्यावर टाकतं, कुणी टाकीवर. आम्ही तो उलटा करून दोरीला टांगला. मागची बाजू पांढरीशुभ्र! साक्षात ऑफिसची भिंत.

सर खूश. "बघा सोनकांबळेंची भिंत. याला म्हणतात ऑफिस!"

आणि तेवढ्यात लाइट आली, पंखा सुरू झाला, फ्लेक्स गर्रकन फिरला. माझ्या डोक्यामागे मी आणि सुमेध हारांसकट, आणि आमच्याभोवती हात जोडलेले सतरा शुभेच्छुक! सुमेधचे मामा, मित्रमंडळ, गॉगलवाले दोन दादा.

सर ओरडले, "सोनकांबळे! एवढी माणसं कव्हा आली?"

मी खाली मान घालून खरं ते सांगितलं. सगळे हसले. सर हसले नाहीत. मीटिंग संपल्यावर त्यांनी मला एकटीला थांबवलं. म्हटलं, आता बोलणी.

"सोनकांबळे, हे फ्लेक्स कुठल्याही फोटोचं करून देतात का?"

"हो, सर. माप सांगितलं की देतात."

"बरं."

"का सर?"

"काही न्हाई. असंच."

*

दुसरा महिना संपता संपता मी नेहमीप्रमाणे मस्टर घ्यायला गेले. ट्रॅव्हल्स थांबली. आधी मस्टर उतरलं आणि मस्टरमागोमाग सर!

"सोनकांबळे! कामाच्या वेळेत तुम्ही रस्त्यावर काय करून राहिल्या?"

"मस्टर घ्यायला आले, सर."

सरांनी मस्टरकडे बघितलं. मग म्हणाले, "अचानक तपासणी आहे. चला घरी."

घरी आत्यांनी दारातच पाय धुवायला पाणी दिलं. नांदेडहून आलेला माणूस, म्हणजे सुनेच्या माहेरचा पाहुणा. पंच्याचं प्रकरण त्या कधीच विसरल्या होत्या. मुरमुऱ्यांची सुशीला झाली, चहा झाला. मी कानाला हेडफोन लावून बसले, तर आत्या डाफरल्या, "पाहुणा बसलाय अन् तू कानात बोळे घालून बसतीस का? ऊठ, भाकरी टाक!"

मी सरांकडे बघितलं. सरांनी आत्यांकडे बघितलं. एकदा पंचा पडलेला माणूस काय बोलणार?

मी भाकरी टाकल्या. मग वांग्याची भाजी. मग ठेचा. सर "अहो, तपासणी..." म्हणायचे आणि ताटात आणखी एक भाकरी पडायची. दुपार गेली. सरांनी वही काढून लिहिलं. मला समोरून उलटी अक्षरं वाचता येतात, तो माझा जुना गुण. लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष भेटीत पाहिले. दिवसभरात शून्य फोन. घरून काम होत नाही.'

भाकरी माझ्या हातची आणि शेरा माझ्याच नावावर!

निघताना आत्यांनी त्यांना टॉवेल-टोपी दिली आणि सहज विचारलं, "औशाला आई असत्यात ना तुमच्या? बऱ्या हायत का?"

सर टोपी हातात धरून थांबले. "मागच्या आठवड्यात न्हाणीत पडली. पाय मोडलाय. शेजारचे बघून राहिले."

"अगं माय! मग तुम्ही हितं काय करून राहिलात?"

सरांनी टोपीची घडी करून ती खिशात घातली. मग म्हणाले, "तपासणी."

ते गेल्यावर मी आत्यांना त्या शेऱ्याचं सांगितलं. सांगायला नको होतं. आत्या मटकन खाली बसल्या. "माझ्यानं गेली का गं तुझी नोकरी?"

"नाही आत्या," मी म्हणाले. पण मनात म्हणाले, गेली.

*

तिसरा महिना विचित्र होता.

सर रोज साडेनऊला हजर. मागे तेच कपाट, तेच कॅलेंडर, तेच घड्याळ. पण घड्याळात सकाळी अकरा दहा, दुपारी अकरा दहा आणि संध्याकाळीही अकरा दहाच. महानंदाताईंनी विचारलं, तर सर म्हणाले, "सेल गेलाय." महिनाभर त्या घड्याळात कुणी सेल घातला नाही. ज्या माणसाला सहीविना हजेरी चालत नाही, त्याला बंद घड्याळ चाललं!

कॅलेंडरही मागच्याच महिन्यावर. मला विचारायचं होतं. पण मी विचारणाऱ्यातली नाही, बघणाऱ्यातली.

मग मस्टर. तोवर रोज नांदेडकडून यायचं. महिन्याच्या सुरुवातीलाच एका दिवशी मी ट्रॅव्हल्सची वाट बघत उभी, तर मागून हाक आली. औशाहून येणारी काळीपिवळी उभी होती आणि तिचा ड्रायव्हर कापडात बांधलेलं मस्टर हलवत होता! "सोनकांबळे कोण हाय? सरांनी दिलंय."

मस्टर उलट्या दिशेनं कसं आलं? सरांना विचारलं, तर म्हणाले, "सोनकांबळे, सही झाली ना?" झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मस्टर पाठवणंच बंद केलं. म्हणाले, "ते ॲप तसं वाईट न्हाई."

आम्ही पाचही जण गार! पण त्याहून मोठा धक्का पुढे होता.

दुपारची मीटिंग चालू होती. सरांचे दोन्ही हात टेबलावर आम्हाला दिसत होते. आणि टिंग टिंग! घंटी वाजली!

सवयीनं आम्ही पाचही जण उभे राहिलो. आणि सर? सरसुद्धा उभे राहिले! "आलो, आलो," असं काहीतरी पुटपुटत चौकटीतून बाहेर गेले. पाच मिनिटांनी आले, हात पुसत.

सय्यदभाईंनी मला मेसेज केला, "सरांना कोण बुलाया?"

मी लिहिलं, "माहीत नाही."

नांदेडच्या त्या एका खोलीत सरांच्या वर कुणी नाही. मग सरांना घंटी वाजवून बोलावणारं कोण?

*

शेवटचा दिवस. पुण्याच्या मॅडम मीटिंगला येणार, सर त्यांच्यासमोर अहवाल देणार.

मी इस्त्रीची साडी नेसले. फ्लेक्सला चारही कोपऱ्यांना दगड बांधले. पंखा बंद. आत्या कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं कोपऱ्यात बसल्या, पदर तोंडावर धरून. सुमेधनं अर्धी रजा टाकली होती, तो दारात उभा.

मॅडमनी आम्हाला चार-चार प्रश्न विचारले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "काम होतं, मॅडम." एवढंच. आणखी काही सुचलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "बिराजदार सर, आता तुमचं मत. तुम्ही म्हणाल तसं आजच ठरवून टाकू."

सर नेहमीपेक्षा ताठ बसले होते. त्यांच्यामागे कपाट, कॅलेंडर, अकरा दहाचं घड्याळ. त्यांनी वही उघडली. पान मी लांबूनही ओळखलं. त्याच्या कोपऱ्यावर आमच्या ठेच्याचा तेलकट डाग होता.

सरांनी घसा साफ केला. "मॅडम, मी तीन महिने स्वतः ऑफिसात हजर राहून सगळ्यांवर लक्ष ठेवलंय. प्रत्यक्ष भेट देऊन तपासणीही केली. तर घरून काम..."

टिंग टिंग!

आम्ही पाचही जण उभे राहिलो. सर बसूनच. कपाळावर घाम.

"घरून काम..." सर पुन्हा म्हणाले.

टिंग टिंग! टिंग टिंग!

"सर, कुणी बोलावतंय का तुम्हाला?" मॅडम म्हणाल्या.

"न्हाई, मॅडम. शिपाई आहे."

आणि तेवढ्यात ऑफिसची भिंत हलली.

आधी कॅलेंडरला सुरकुती पडली. मग कपाट मधोमध दुमडलं. घड्याळ वर गेलं. आणि अख्खी भिंत एका हातानं उचलून, तिच्याखालून वाकून, एक म्हातारी ऑफिसात आली! एका पायाला प्लॅस्टर, काखेत वॉकर अडकवलेला, दुसऱ्या हातात पितळी घंटी. तिच्यामागे चूल, पाण्याचा माठ आणि दारातून दिसणारी औशाच्या किल्ल्याची तटबंदी.

"कव्हाची वाजवून राहिले, रं! ऐकू येईना का?"

माझ्या घरात आत्यांच्या तोंडावरचा पदर खाली पडला होता.

सर उठले. वही टेबलावर उपडी ठेवली. आईचा हात धरला, वॉकर बाजूला घेतला, हळूहळू तिला आपल्या खुर्चीवर बसवलं, तिच्या पायाखाली स्टूल सरकवलं. आणि मग तिच्या शेजारी उभे राहिले, आमच्यासारखेच.

मग पुण्याच्या मॅडमचा आवाज आला. "बिराजदार सर... तुमचं मत सांगत होतात. घरून काम होतं, की नाही होत?"

सरांनी आईकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं, ती आता एका खिळ्यावर लोंबत होती.

"होतं, मॅडम," सर म्हणाले.

म्हातारी चष्मा वर करून एकेका चौकटीत निरखून बघत होती. मला बघितलं, महानंदाताईंना बघितलं, सय्यदभाईंना, नांदेडच्या दोघींना. शेवटी पुण्याच्या मॅडमपाशी येऊन थांबली. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं, घंटीच्या त्या गडबडीत मॅडमसुद्धा केव्हातरी उठून उभ्या राहिल्या होत्या.

"आन् ही सगळी लेकरं उभी कामून हायत रं?" म्हातारी म्हणाली. "बसा गं माय, बसा!"

आम्ही सगळे बसलो. मॅडमपण.